खोडावरचं हिरवं

जाधववाडीतल्या शेती-औषधांच्या दुकानात बन्सी वर्षानुवर्षं काउंटरमागं उभा राहिला आणि उभ्या उभ्याच पिकांचा डॉक्टर झाला. शेतकऱ्यानं पान पुढं केलं, की नुसती नजर टाकून तो रोगाचं नाव सांगायचा अन् बाटली काढायचा. कावीळ झालेल्याला सारं पिवळं, तसा बन्सीला जिथंतिथं रोग दिसायचा.

गेल्या पावसाळ्यात तो करमाडला धाकट्या बहिणीकडं, आवडाबाईकडं गेला. तिच्या अंगणातल्या आंब्याच्या खोडावर हिरवी भुकटी चढली होती. सासरची सगळी मंडळी ओसरीवर बसलेली. बन्सीनं दुरूनच मान हलवली.

"रोग हाय हा. तोडून टाक, नायतर तुमच्या मोसंबीच्या बागेत घुसंल."

आंबा आवडाबाईनं लग्नाच्या वर्षी लावलेला. तिनं एकदाच विचारलं, "दादा, नक्की?"

"मला इचारतीस व्हय?"

आठवड्यात आंबा आडवा झाला.

यंदा पाऊस लागला आणि दुकानामागच्या सिमेंटच्या भिंतीवर तेच हिरवं उगवलं. बन्सीनं बोट फिरवलं. भुकटी बोटाला आली, भिंत होती तशीच. पाण्याच्या टाकीवर तेच, गेटच्या खांबावरही तेच. आता सिमेंटला कसला रोग होणार, कप्पाळ! ओलीवर धरणारं साधं शेवाळ ते, कुणाचं काही न खाणारं. बहिणीचं भरलं झाड आपण बसल्या जागी मारलं, हे काही केल्या त्याच्या मनातून जाईना.

रविवारी केशर आंब्याचं रोप घेऊन तो करमाडला पोचला.

"आवडा, माझं चुकलं. रोग नव्हता तो, शेवाळ व्हतं. चांगलं झाड घालवलं मी तुझं."

आवडाबाई चहा गाळत होती. "ठाव हाय मला. कडुबा भावजी तवाच बोलले व्हते, शेवाळ हाय वहिनी, पावसाळा सरला की वाळून जाईल."

दिराचं ऐकूनही हिनं कुऱ्हाड चालू दिली? बन्सीनं विचारलं, "मग तोडलंस कशापायी?"

"समद्यांदेखत बोलला व्हतास तू, दादा. झाड ठिवलं असतं तर सासरी माझ्या भावाचा शबुद पडला असता." तिनं कप त्याच्यापुढं ठेवला आणि रोप उचलून घेतलं. "हे कुठं लावू? तू सांगशील तिथं लावते."

बन्सीला वर बघवेना.