अक्काची काळी चार

धोंडप्पाइतका खोटं न जमणारा माणूस कळंबमध्ये दुसरा नसेल. तरी सात वर्षं अख्ख्या बाजाराला फसवलं ते त्यानंच.

तो पेट्या दुरुस्त करतो. माकणी असो की अणदूर, भजनी मंडळाची हार्मोनियम बिघडली की निरोप येतो, "धोंडप्पाला बोलवा." मी एसटीत चौतीस वर्षं कंडक्टर होतो. हा मांडीवर पेटी घेऊन बसायचा आणि मी तिचं लगेज तिकीट फाडलं की बस थांबेपर्यंत भांडायचा. दोस्ती तिथूनच झाली.

आठवडी बाजाराच्या दिवशी चार वाजता लिलाव संपला की गुंडाप्पा आडत्याचं गोदाम आमचं. गुंडाप्पा तबला वाजवतो, मी टाळ धरतो. बरा धरतो असं कुणीच म्हणत नाही. पेटीवर धोंडप्पा. गोदामात तुरीची थप्पी असली की आवाज गोड लागतो, पोती गेली की भिंतींना आदळून घुमतो. म्हणून तुरीला भाव आला की आमचा जीव खालीवर व्हायचा. तीस-चाळीस माणसं यायची, मेथीच्या जुड्या मांडीवर घेऊन पोत्यांना टेकायची. टाळ ऐकायला कोण येतंय! ती सगळी यायची शिवगंगाअक्कासाठी.

अक्का धोंडप्पाची थोरली बहीण. अठ्ठाविसाव्या वर्षी नवरा गेला, सासरच्यांनी बिऱ्हाड उचलून माहेरी आणून टाकलं. सासरी तिला गुणगुणायचीही चोरी होती. धोंडप्पानं तिला पेटीजवळ बसवलं आणि स्वतः लग्नच केलं नाही. विचारलं की म्हणायचा, "घरात एक गाणारी हाय. दुसरी आली की भांडी वाजतील."

पेटीच्या ज्या पट्टीवर गायक आपला सा धरतो, ती त्याची ओळख. अक्काची काळी चार. वयाबरोबर गळा खाली येतो, माणसं मुकाट्यानं एकेक पट्टी उतरतात. अक्का उतरली नाही. बसल्या बसल्या पदर सारखा करून ठसक्यात सांगायची, "धोंडू, काळी चार." साठी ओलांडलेली बाई काळी चारमध्ये गाते म्हणून लातूरचे लोकही ऐकायला यायचे. त्या बाईकडे दुसरं होतं तरी काय? घर भावाचं, भाकरी भावाची. काळी चार तेवढी तिची होती.

एकसष्टाव्या वर्षी, श्रावणात, वरच्या सा ला तिचा आवाज फाटला. घरी जाताना ती म्हणाली, "पुढच्या बाजाराला म्या येणार न्हाय. गळा गेल्यावर गावासमोर बसू न्हाय माणसानं."

दुसऱ्या दिवशी धोंडप्पानं पेटी उघडली. आत पितळेच्या बारीक पट्ट्या असतात, त्यांना सूर म्हणतात. टोकाला कानस लावली की सूर चढतो, मुळाला लावली की उतरतो. त्यानं एकेका सुराच्या मुळाशी कानस फिरवली, केसभर. मग बहिणीला म्हणाला, "अक्का, पेटीच बिघडली होती. तुझा गळा ठीक हाय." पुढच्या बाजाराला अक्का गायली आणि आवाज फाटला नाही. त्यानंतर तिचा गळा जसजसा उतरत गेला तसतसा हा कानस लावत गेला. अक्का काळी चार मागायची, हा बोट काळी चारवरच ठेवायचा, आणि वाजायचं मात्र खालचं. तबला पेटीवरच मिळवतात, त्यामुळं गुंडाप्पाला कधी कळलं नाही. गोदामात तंबोऱ्याचं यंत्र होतं. ते एके दिवशी बिघडलं, आणि सगळ्या जिल्ह्याच्या पेट्या दुरुस्त करणाऱ्या धोंडप्पाला तेवढं दुरुस्त करता आलं नाही.

माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी अणदूरच्या गाडीत त्यानं हे मला सांगितलं. पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरून सांगत होता, चोरी कबूल करावी तसा. मी त्याला झापायला हवं होतं. मी म्हणालो, "बरं केलंस."

आणि घात केला तो मीच. माझा साडू गौरीशंकर लातूरहून आला होता. बँकेतून सुटला आणि बासरीच्या नादी लागला. नव्या शिकाऊ माणसासारखा हौशी. मला मिरवायची हौस, म्हणून त्याला गोदामात घेऊन गेलो. बासरीला कानस लागत नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

"पट्टी कोणती?" त्यानं विचारलं.

"काळी चार," अक्का म्हणाली.

त्यानं पिशवीतून नेमकी काळी चारची बासरी काढली. धोंडप्पाचा चेहरा पाहून मी गौरीशंकरला थांबवायला हात उचलला. पण तोवर त्यानं फुंकर मारली होती. पेटी एकीकडे, बासरी दुसरीकडे. मेथीच्या जुड्या घेऊन बसलेल्यांनाही कळलं.

"पेटी उतरलीय हो," गौरीशंकर भोळेपणानं म्हणाला. त्यानं सूर ओळखणारं ॲप लावून फोन पेटीजवळ धरला. "बघा, हा तर पांढरी पाच दाखवतोय. चांगला अर्धा सूर खाली."

अक्का भावाकडे बघत राहिली. धोंडप्पानं भाता सोडून दिला. तेवढ्यानंच तो सगळं सांगून बसला.

"पावणं," अक्का गौरीशंकरला म्हणाली, "तुमची खरी काळी चार द्या."

"अक्का, नगं," धोंडप्पा म्हणाला.

"तू गप बस."

बासरीनं सा धरला. अक्कानं पद उचललं. खाली ठीक होतं. वरच्या सा ला आवाज फाटला. ती थांबली, पुन्हा गेली, पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा नुसती हवा आली. गुंडाप्पा तबल्यावर हात तसेच ठेवून पोत्यांकडे बघत होता. गोदामात तूर भरपूर होती, तरी त्या आवाजाला काही उपयोग झाला नाही.

अक्का उठली. दाराशी माझ्यापाशी थांबली.

"भाऊ, तुमाला ठाव होतं?"

मी मान खाली घातली.

"मागल्या शिवरातीला तुमी म्हणलात, अक्का, डोळ्यांत पाणी आणलंत. त्ये बी ह्याच्यातलंच व्हय?"

"न्हाय अक्का. ते खरं होतं." आणि ते खरंच खरं होतं, देवाशपथ.

"असंल," ती म्हणाली. "पर आता म्या कसं मानू?"

तिची सगळी शाबासकी आम्ही दोघांनी मिळून नासवली. जी खरी होती तीसुद्धा. याचं मला फार वाईट वाटतं, आणि वाईट वाटून काही होत नाही.

गोदामात आता कुणी गात नाही. धोंडप्पानं पेटी पुन्हा चढवायला घेतली. मुळाशी झिजलेले सूर टोकाशीही झिजवले, त्यातले तीन मोडले. ती पेटी तशीच आहे. दुसऱ्यांच्या पेट्या तो अजून नीट करतो. अक्का त्याला दोन वेळा जेवायला वाढते, औषधाची आठवण करते, पण गाण्याचा विषय काढत नाही.

मागच्या आठवड्यात संध्याकाळी त्याच्याकडे गेलो. धोंडप्पा ओट्यावर बसला होता. माकणीची त्याची गाडी येऊन तास झाला होता, तरी पिशवी खांद्याला तशीच. पाय सुजलेले दिसत होते. आत स्वयंपाकघरात अक्का भाकरी थापत होती आणि गात होती. पेटी नाही, तबला नाही. खाली, अगदी खाली, पण एकेक सूर जागच्या जागी.

"आत का जात नाहीस?" मी विचारलं. "पाणीबिणी पी की."

त्यानं मला हळू बोल म्हणून खूण केली.

"आत गेलो की थांबती," तो म्हणाला.