शेड माझी, इन्स्पेक्टर सगळे!

घरामागं स्वतःच्या हातानं काही बांधायला काढा राव, किस्से शोधत फिरावं लागत नाही. ते फाटक उघडून आपल्या पायानं आत येतात, आपलाच चहा पितात आणि वर आपल्याच भिंतीला नावं ठेवतात!

मी चाकणच्या एका कंपनीत टूलरूमला फिटर होतो. एकतीस वर्षं. टूलरूम म्हणजे जिथं साचे बनतात आणि केसाच्या जाडीवरून माणसं आठ-आठ दिवस अबोला धरतात. तिथं दर खंडेनवमीला मशीनची पूजा. मशीन आम्ही पुसायचं, झेंडूचे हार आम्ही ओवायचे, आणि नारळ फोडायला साहेब! फोटोत साहेब पुढं, मी दुसऱ्या रांगेत, कुणाच्या तरी खांद्यामागं. एकतीस फोटोंत माझं अर्धं कपाळ आहे.

गेल्या वर्षी रिटायर झालो तेव्हाच ठरवलं. तळेगावात घर आहे, मागं मोकळी जागा आहे. तिथं दहा बाय चौदाची शेड बांधायची, स्वतः बांधायची, आणि येत्या खंडेनवमीला स्वतःच्या शॉपमध्ये स्वतःच्या हातानं नारळ फोडायचा. बस्स, एवढंच. कुणाचं काही मागितलं होतं का मी?

बायकोला, सुमनला सांगितलं, तर ती म्हणाली, "बांधा की. माझी कपड्यांची दोरी तेवढी कुठं बांधायची ते सांगा."

इथं माणूस आयुष्याचं स्वप्न सांगतोय आणि हिला दोरीची पडलीय!

*

आमचा प्लॉट ज्यांच्या शेतातला, ते बबनराव शेजारीच राहतात. जुनं गावातलं घर. मी पाया खणायला घेतला त्या सकाळी ते दात घासत कुंपणाशी आले.

"म्हशी घेताय व्हय?"

म्हटलं, "नाही हो, वर्कशॉप बांधतोय."

"असू द्या, असू द्या. पर गव्हाण उगवतीला ठिवा. जनावराला ऊन लागंल."

रोज सांगायचो, रोज मान हलवायचे. भिंती छातीपर्यंत आल्या तेव्हा म्हणाले, "लई उंच केलाव. म्हशीला भाईर दिसाया नगं?" पत्रे चढवले त्या दिवशी तर कहर झाला. दुपारी फाटकात ट्रॅक्टर उभा, आणि त्यात कडब्याच्या पेंढ्या!

"पहिला चारा आमच्याकडनं," बबनराव म्हणाले. "न्हाई म्हणू नगा."

एकतीस वर्षं मायक्रॉनमध्ये काम केलेला माणूस मी, आणि माझ्या दारात कडबा! सुमननं हसत हसत त्यांना चहा दिला. मी नाही हसलो.

*

आता आमचा शिंदे. कंपनीत क्वालिटीला होता. माझ्याच बरोबर रिटायर झाला, पण क्वालिटी त्याच्या अंगातून रिटायर झाली नाही. घरी पोळी वाढली तरी आधी पलटून बघतो.

मी आठ दिवस राबून मागची भिंत उभी केली. प्रत्येक वीट स्वतः लावली. शिंदे रविवारी आला, खिशातून ओळंबा काढला, डोळा बारीक केला आणि खडूनं माझ्या भिंतीवर लाल फुली मारली.

"तीन मिलिमीटर आउट आहे. रिजेक्ट!"

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. "अरे, भिंत आहे ती! साच्याची डाय आहे का?"

"जाधव, प्रोसिजर ती प्रोसिजर. पाडायची नसेल तर डेव्हिएशन घे. मॅनेजमेंटची सही लागेल."

म्हणजे कंपनीत चुकलेला माल तसाच पुढं ढकलायचा असला की साहेबाची सही लागते ना, ते! मी ओरडलो, "इथं मॅनेजमेंट कोण आहे?"

सुमन ओले कपडे खांद्यावर टाकून दोरीसाठी खिळा शोधत होती. तिनं शिंदेच्या हातातला खडू घेतला, फुलीशेजारी सही केली, आणि तिथंच खिळा ठोकून दोरी बांधली.

शिंदे म्हणाला, "आता ओके."

*

तिसरा सावंत. मेंटेनन्सचा. मूळ मालवणचा, माणूस सोन्यासारखा, पण जन्म गेला ब्रेकडाऊनमागं धावण्यात. त्यामुळं जे बिघडलेलं नाही त्याला तो हातच लावत नाही!

शेडचं वायरिंग करून देतो म्हणाला. एक महिना झाला. फोन केला की विचारायचा, "काय बिघडलं?"

"अरे, बिघडायला आधी बसव तरी!"

"मग घाई काय हां? येतंय मी."

शेवटी मी वैतागलो. सकाळी साडेसहाला फोन लावला आणि नुसतं म्हणालो, "सावंत, ब्रेकडाऊन! लाइन बंद आहे!"

वीस मिनिटांत हजर! टेस्टर, वायरचं भेंडोळं, शिडी, सगळं घेऊन, आणि पायजमा घरातलाच. दुपारपर्यंत सगळं वायरिंग पूर्ण. पंखा फिरायला लागला तेव्हा कुठं त्याच्या लक्षात आलं की इथं मुळात लाइनच नव्हती.

"फसवलंस रे जाधवा," असं म्हणून दोन दिवस बोलला नाही. काम माझं, महिना माझा गेला, आणि रुसायचा हा!

*

माझा पुतण्या रोहित वाकडला आयटीत आहे. शेड बघायला आला. म्हणाला, "काका, एवढा त्रास कशाला? असल्या केबिन ऑनलाइन रेडीमेड मिळतात."

मी चहा आणायला आत गेलो. रक्ताचं नातं आहे.

पण मी नवीन वर्कबेंच बनवलं होतं. सागाची जुनी फळी, चार दिवस रंधून आरशासारखी केलेली. त्यावर पहिलं काम कोणतं करायचं याचा मी आठवडाभर विचार करत होतो. चहा घेऊन येतोय तर त्यावर याचा लॅपटॉप! मीटिंग चालू!

माझी सटकली. मी ग्राइंडर घेतला आणि शेजारीच लोखंडी अँगल कापायला बसलो. ठिणग्या, आवाज, धूर! त्याच्या मॅनेजरनं विचारलं, हा आवाज कसला? तर हा पठ्ठ्या म्हणतो, "सर, क्लायंटच्या प्लांटवर आलोय."

रविवारीसुद्धा प्लांटवर जातो म्हणून त्याला शाबासकी मिळाली! माझ्या ग्राइंडरवर!

*

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. शेडसाठी जुनं ड्रिल मशीन शोधत मी भंगारवाल्याकडं गेलो होतो. पत्र्यांच्या ढिगाऱ्यात एक उभं होतं, गंजलेलं. हँडलच्या मुठीवर एक खाच. ती खाच माझी! मी नवीन असताना हातातून हातोडा निसटला होता, शिव्या खाल्ल्या होत्या.

रोज सकाळी ज्याला तेल दिलं, दर खंडेनवमीला ज्याला हार घातला, ते असं भंगारात? त्याला कुणी साधं झाकूनही ठेवू नये? मला तिथंच उभ्या उभ्या रडायला आलं, खोटं कशाला सांगू.

शिंदे, सावंत आणि मी, तिघांनी ते टेम्पोत घालून आणलं. पंधरा दिवस घासलं. त्या वेळी मात्र शिंदेनं खडू बाहेर काढला नाही. उलट मुठीवरची खाच मी पॉलिशनं घालवायला निघालो तर हात धरला. म्हणाला, "राहू दे."

*

तर, खंडेनवमी.

आदल्या दिवशी एकच काम उरलं होतं, दार. लोखंडी चौकट, त्यात बसणारं पत्र्याचं बाहेर उघडणारं दार. तिघांनी मिळून टूलरूमच्या इज्जतीला शोभेल असं बसवलं. शिंदेनं फटीत गेजच्या पातळ पट्ट्या घालून चारी बाजू मोजल्या. "अर्धा मिलिमीटर! सगळीकडं सारखा! जाधव, बाजारात असं दार नाही!"

एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा पास केलं त्यानं. माझी छाती फुगली.

सकाळी ड्रिलला हार घातला. बेंचवर हत्यारं मांडली. हातोडे, पाने, कानशी, पेचकस, खाली पहारसुद्धा. सुमन आतून तिचं लोखंडी उलथनं घेऊन आली. तिच्या आईनं दिलेलं. घासून घासून कड ब्लेडसारखी झालेली.

"हेही ठेवा की पूजेला."

शिंदे म्हणाला, "वहिनी, हे हत्यार नाही. भांडं आहे."

सुमननं माझ्याकडं पाहिलं. मी कानशी सरळ करत होतो. ती उलथनं घेऊन आत गेली. पुरणपोळ्या व्हायच्या होत्या.

मी नारळ फोडला. माझ्या शॉपमध्ये, माझ्या हातानं, पहिल्या रांगेत! सावंतनं फोटो काढला. सगळ्या हत्यारांना हळद-कुंकू लागलं. आमच्या टूलरूमचा नियम कडक आहे. पूजा झाली की दसऱ्यापर्यंत हत्याराला हात नाही. त्यांचीही सुटी.

मग शिंदे म्हणाला, "दार लावून बघू. आत उजेडाची रेघ दिसते का?"

लावलं. खिडकीही मिटली. काळोख! एक रेघ नाही! आम्ही टाळ्या वाजवल्या. दिवा-पंखा लावला आणि जुन्या गोष्टी काढून बसलो. तासभर तरी गेला असेल. बाहेर ऑक्टोबरचं ऊन थेट दारावर.

जेवणाची हाक आली. सावंतनं दार ढकललं. हलेना. मी ढकललं. हलेना. पत्रा हाताला चटका देत होता.

शिंदेचा चेहरा पडला. "तापून फुगलं," तो हळूच म्हणाला. कंपनीची टूलरूम एसीत होती ना!

सावंत म्हणाला, "खांदा मारूया." शिंदे किंचाळला, "चौकटीचं सिमेंट ओलं आहे! अलाइनमेंट जाईल!"

"मग पहार घे."

तिघांनी पहारीकडं पाहिलं. तिच्यावर कुंकू. पेचकसावर कुंकू. पन्नास-साठ हत्यारं समोर, टूलरूममध्ये जन्म घालवलेली तीन माणसं, आणि हात लावायला कुणी तयार नाही! कुंपणापलीकडनं बबनरावांचा आवाज आला, "गोठ्यात कोन अडाकलं व्हय?"

माझा संताप, लाज, भूक, सगळं एकदम झालं. मी खिडकी उघडून गजांना तोंड लावून ओरडलो, "सुमन!"

ती आली. दाराला बोट लावून बघितलं. काही न विचारता आत गेली आणि थंड पाण्याची बादली आणून दारावर ओतली. मग दुसरी. पत्र्यानं चर्रर केलं.

"पेल्यात पेला अडकला की काय करतात, माहीत नाही का कुणाला?" ती म्हणाली.

मग फटीत काहीतरी सरकल्याचा आवाज आला. एक झटका, आणि दार उघडलं.

समोर सुमन. कपाळावर घाम, पदर खोचलेला, एका हातात रिकामी बादली, दुसऱ्या हातात उलथनं, त्याला अजून पुरण चिकटलेलं. तिनं ते पुढं केलं.

"शिंदेभाऊजी, हे भांडं जरा धरता का? बादली ठेवून येते."

शिंदेनं ते दोन्ही हातांनी धरलं.