फरशीनंतरचं लगीन

मनिषला मी चौथीपर्यंत शिकवलं, वेवजीच्या शाळेत. हुशार म्हणावा असा तो नव्हता, पाढे चुकायचे. पण दुपारी खिचडी आली की आधी पाणी कुणी भरायचं, वाढायचं कुणी, ताटं कुणी धुवायची, हे तो असं लावून द्यायचा की पोरांची भांडणं होत नसत. पुढे त्याने सिव्हिलचा डिप्लोमा केला. तलासरीच्या अलीकडे, हायवेला लागून पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना बांधायला निघाला, तेव्हा तिथल्या ठेकेदाराने त्याला प्लॅनिंगवर घेतलं.

"खिचडीचंच काम आहे गुरुजी," तो मला म्हणाला. "फक्त ताटं मोठी."

निवृत्तीनंतर मी आगरला राहतो. तलासरीला काही काम निघालं की बसमधून साइटवर उतरायचो आणि त्याच्या पत्र्याच्या ऑफिसात चहा घ्यायचो. भिंतीवर एक मोठा कागद चिकटवलेला असे. त्यावर आडव्या रंगीत पट्ट्या. पायाचे खड्डे, मग काँक्रीट, मग लोखंडी खांब, मग छपराचे पत्रे, आणि सगळ्यांत शेवटी काँक्रीटची फरशी. फरशी छपराखालीच ओतायची, नाहीतर ऊन तिला तडे पाडतं. एका कामाच्या शेपटाला दुसऱ्याचं डोकं बांधायचं, म्हणजे पहिलं लांबलं की कॉम्प्युटर पुढची सगळी आपोआप सरकवतो. हे सगळं मनिष मला बोट फिरवून सांगायचा आणि मी चौथीतल्या पोरासारखा ऐकायचो.

साइटचे मोठे साहेब चिमणभाई. वापीकडचे, जाड चष्म्याचे, रागीट पण मनाने सरळ. आधीच्या प्रत्येक साइटवर शिमग्याला मजूर निघून गेले की ते डोक्याला हात लावून बसायचे. मनिषने पहिल्याच आठवड्यात चार्टवर होळी घातली. महालक्ष्मीची जत्रा घातली. भात झोडायचे दिवस घातले. चिमणभाईंनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं आणि म्हणाले, "आ छोकरो कामनो छे." तेव्हापासून त्यांनी त्याच्या चार्टला हात लावला नाही.

त्याच चार्टच्या टोकाला एक पिवळी पट्टी होती. फरशीच्या लगेच मागे. तिच्यावर लिहिलं होतं, आईबाबांचं लगीन.

बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं. मनिषच्या पाड्यावर लग्न म्हणजे दोन माणसांचा कारभार नव्हे. भिंतीवर लग्नाचं चित्र, म्हणजे चौक लिहायचा, मांडव घालायचा, लग्न लावणाऱ्या बाईने, धवलेरीने रात्रभर गाणी म्हणायची, सगळ्या पाड्याने जेवायचं. ते जमत नसेल तर जोडपं तसंच संसाराला लागतं. लग्न पुढे कधीतरी. त्यात कमीपणा कुणी मानत नाही. मनिषचे आईबाप, लडक्या आणि जमना, यांचं असंच राहिलं. एका वर्षी घर जळालं, एका वर्षी लडक्याचा भाऊ गेला, मग पोरांचं शिक्षण निघालं. शितलचं, म्हणजे मनिषच्या मोठ्या बहिणीचं शिक्षण आटोपलं तोवर ती स्वतःच गुजरातेत कामाला जाऊन तिथेच संसाराला लागली होती. आता मनिष उरला होता, आणि आईबापाला हळद लागल्याशिवाय पोराला लागत नाही.

लडक्याने आयुष्यभर दगडखाणीवर मशीन धरलं. ती धूळ छातीत बसली होती. चार पावलं चालला की खांबाला धरून उभा राहायचा, आणि उभा राहिला की थट्टा करायचा.

"गुरजी, माझं लगीन कंपनीच्या भिंतीवर लागलंय. नवरीला विचारा, पसंत आहे का."

"नवरीचे दात पडले, आता विचारतोय," जमना आतून म्हणायची.

"दात पडले तरी चावते."

बायजी धवलेरी शेजारीच राहायची. ती म्हणे, "लडक्या, तुझ्या लग्नाची गाणी मी तरुणपणी पाठ केली. आता माझाच आवाज गेला."

मनिषने लग्न फरशीच्या मागे का बांधलं, तेही सरळ होतं. फरशी ओतणारी टोळी लाहूची, म्हणजे त्याच पाड्याची. बायाबापड्या सगळ्या साइटवर. लग्न लागलं की सगळा पाडा तीन-चार दिवस घरी राहणार, आणि ओतायला घेतलेला खण, म्हणजे फरशीचा एकेक चौकोन, मध्ये सोडता येत नाही. फरशी झाली की सगळे मोकळे. बाबाला अख्खा पाडा मांडवात हवा होता, म्हणून मनिषने अख्खा पाडा मोकळा होईल तो दिवस शोधला. पोराने बापासाठी केलेला याहून काळजीचा हिशेब मी पाहिला नाही.

मग खांब उशिरा आले. ते बनवणाऱ्या कारखान्यात काहीतरी अडलं. मी त्या दिवशी ऑफिसातच होतो. मनिषने खांबांची पट्टी ओढून पुढे नेली आणि पडद्यावर तिच्यामागे सगळं सरकलं, छप्पर, फरशी, आणि सगळ्यांच्या मागोमाग पिवळी पट्टी. होळी मात्र जागची हलली नाही. तिला त्याने कशालाच बांधलं नव्हतं. होळी कुणासाठी थांबत नाही हे त्याला माहीत होतं. लग्न थांबतं, हेही त्याला लहानपणापासून माहीत होतं.

"पावसाच्या आधी बसतंय," तो म्हणाला आणि नवा कागद भिंतीला लावला. तारीख घरी कळवली, घरून पाड्यात गेली. लोकांनी ती पाठ केली.

वैशाखाच्या सुरुवातीला मी वेवजीला गेलो तेव्हा लडक्या बसूनच झोपत होता. आडवं झालं की श्वास अडायचा. जमना मला कुंपणापर्यंत सोडायला आली.

"गुरजी, तुमचं ऐकतो तो. त्याला म्हणा, मला गर्दी नको. बायजी आहे, आपण पाच माणसं आहोत. उद्या लाव."

मी मनिषला फोन केला.

"पाच माणसांत लावायचं असतं तर बाबाने कधीच लावलं असतं, गुरुजी," तो म्हणाला. "इतकी वर्षं थांबला तो. थोडंच राहिलंय. निम्मी फरशी झाली."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. लडक्यालाही मी विचारलं होतं. तो म्हणाला, "भिंतीवरची तारीख आहे ना, ती धरू."

लडक्या गेला तो सकाळी, चहा पिता पिता. कपही त्याने नीट खाली ठेवला होता.

शेजारच्या रूपीने साइटवर फोन लावला. लाहूची टोळी खणाच्या मध्यावर होती. लाहूने हातातली लांब लाकडी फळी भिंतीला टेकवली, टाकीवर हात धुतले आणि चालायला लागला. त्याच्यामागे सगळे. बाहेर काँक्रीटची गाडी पोट फिरवत उभी होती. चिमणभाई तिच्याकडे पाहत होते, मग मनिषकडे. मनिष कॉम्प्युटरपुढे बसून होता, उठत नव्हता. चिमणभाईंनी गाडी परत पाठवली आणि मनिषला दंडाला धरून आपल्या मोटारीत बसवलं.

मी पोहोचलो तेव्हा अंगणात सगळा पाडा होता. लडक्याला हवा होता तसा, एकूण एक. बायजी आणि म्हातारी माणसं बाजूला बसून बोलत होती. मग बायजी जमनाकडे आली.

"काय करायचं, जमना? असाच नेला तर पोराचं लगीन अडतं."

जमनाने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. "लावा," ती म्हणाली. "पोरासाठी लावा."

रूपीने वाटीत हळद कालवली आणि वाटी मनिषच्या हातात दिली. तो बापाजवळ गुडघे टेकून बसला. रडत नव्हता. वाटी धरून त्याने बायजीला विचारलं, "आधी कुणाला? आईला की बाबाला?"

"आता आधीनंतर काही नाही रे बाबा," बायजी म्हणाली. "लाव."

त्याने बापाच्या हातांना लावली, मग आईच्या. जमनाने आपले हळदीचे हात थोडा वेळ तसेच मांडीवर धरून ठेवले. नंतर बायांनी तिला आत नेलं आणि ते धुतले.

क्रियाकर्म झालं, टोळी कामावर परतली. अर्ध्यावर सुटलेला खण जिथे घट्ट झाला होता तिथून पुढे ओतला. तिथे एक सांधा राहिला, सरळ नाही, थोडा वाकडा. बाकी फरशी आरशासारखी आहे.

आणि मग चार्टवरची पिवळ्या पट्टीची तारीख आली. त्या सकाळी साइटवर कुणीच आलं नाही. चिमणभाईंनी मनिषला फोन लावला, सगळे कुठे गेले म्हणून. "चार्टवर आहे बघा, साहेब," मनिष म्हणाला. चिमणभाई भिंतीपाशी गेले असावेत. थोड्या वेळाने म्हणाले, "हा. बराबर छे," आणि फोन ठेवला.

कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. लाहू आला, रूपी आली, मुलांना घेऊन बाया आल्या आणि जमनाच्या अंगणात बसल्या. मांडव नव्हता, झाडाची सावली होती. जमनाने मोठ्या पातेल्यात चहा ठेवला. मनिष बापाच्या खांबाला टेकून उभा होता, लडक्या श्वास घ्यायला ज्याला धरायचा त्या खांबाला.

चहा देऊन झाल्यावर जमना बायजीच्या शेजारी येऊन बसली.

"गाणं राहिलं," ती म्हणाली. "तारीख दिलीय पोराने. गा."

बायजीचा आवाज खरंच गेला होता. पहिली ओळ आम्हाला नीट ऐकूही आली नाही. दुसऱ्या ओळीला रूपीने साथ धरली, मग इतर बायांनी. जमनाने पदर पुढे ओढला, नव्या नवरीसारखा, आणि गाणं संपेपर्यंत मान वर केली नाही.