तीन दुकानांतलं एकच अस्तर

ओळीतल्या शेवटच्या दुकानाच्या मागच्या दारातून करड्या अस्तराचा तो तागा आत येताना मी पाहिला आणि माझ्या तोंडचं पाणीच पळालं. त्याच्या काठाला चहाचा डाग होता. हाच डाग मी तासाभरापूर्वी पहिल्या दुकानात पाहिला होता. म्हटलं, डोळे बिघडले की डोकं?

माझ्यासमोर पुण्याच्या हेड ऑफिसमधून आलेला निरज बसला होता. हातात टॅब, पायात पांढरे बूट. त्याची पाठ दाराकडे होती, म्हणून त्याला काही दिसलं नाही. चहाचे कप मात्र त्याच्याच पुढे होते आणि दुकानदार मोहिते काका त्याला तिसऱ्यांदा बिस्किटं देत होते.

आधी मी काय काम करते ते सांगते. सोलापुरातल्या एका युनिफॉर्म बनवणाऱ्या युनिटमध्ये मी मर्चंडायझर आहे. म्हणजे ऑर्डर आली की कापड, बटणं, दोरा, चेन, अस्तर हे सगळं वेळेत जमवून शिलाईच्या टेबलावर पोचवणारी बाई. काही कमी पडलं तर शिव्या मला, वेळेत झालं तर शाबासकी सेल्सवाल्यांना. त्या वर्षी आम्हाला शाळांच्या ब्लेझरची मोठी ऑर्डर होती. सोलापूरच्या उन्हात ब्लेझर कोण घालतं विचारू नका, माल थंड गावांना जातो. ब्लेझरला आतून अस्तर लागतं. आणि हेड ऑफिसने नवीन ठरवलं होतं की अस्तरासारखा माल शक्यतो गावातल्या लहान दुकानांकडून घ्यायचा. त्यांना आधार द्यायचा. दुकानं शोधायची मी आणि पास करायची निरजने. याला व्हेंडर ऑडिट म्हणतात. दुकानात स्वतःचा माल किती, एवढं बघायचं आणि पास-नापास लिहायचं.

मी भवानी पेठेतल्या एका बोळातली तीन दुकानं काढली. एकाला एक लागून. पहिलं शेखभाईंचं, मधलं लक्ष्मीआक्कांचं, शेवटचं मोहोळच्या मोहिते काकांचं. आक्का विणकर घरातल्या. नवरा गेल्यावर दुकान त्याच चालवत होत्या. ती जागा दिराला टॉवेलच्या गोडाऊनसाठी हवी होती. दीर म्हणाला होता, कंपनीचं काम मिळालं तर चालव, नाहीतर दिवाळीनंतर किल्ली दे. हे आक्कांनी मला स्वतः सांगितलं होतं, डोळ्यांत पाणी न आणता. मलाच आलं होतं.

तर ठरलेलं असं की आधी शेखभाई, मग मोहिते काका आणि शेवटी आक्का. हा क्रम मी लावलेला नव्हता. सकाळी शेखभाईच म्हणाले, "मॅडम, आक्का के यहाँ आखिर में जाना हौ." मला वाटलं, बाईमाणूस आहे, आवरायला वेळ हवा असेल. मी बरं म्हटलं.

शेखभाईंच्या रॅकवर करड्या अस्तराचे तागे छान रचलेले. निरजने फोटो काढले, पास लिहिलं. मग आम्ही आक्कांचं दुकान ओलांडून मोहिते काकांकडे आलो. त्यांच्याकडे रॅक अर्धं रिकामं. काकांनी लगेच बसा म्हटलं, चहा मागवला, पावसाचं विचारलं, पुण्यातल्या ट्रॅफिकचं विचारलं. आणि आम्ही बसलो असताना मागून एकेक तागा आत येत गेला. शेखभाईंचा नोकर आणून ठेवत होता. तेव्हाच तो डाग मला दिसला.

पहिल्यांदा वाटलं, दोघांनी एकाच मिलचा माल घेतला असेल. पण डागही एकाच मिलचा? मग वाटलं, हे लोक मला फसवतायत. माझी नोकरी घालवतायत. मी काकांकडे डोळे वटारून पाहिलं. काकांनी माझ्यापुढे बिस्किटं सरकवली.

"स्टॉक चांगला आहे तुमचा," निरज म्हणाला.

"व्हय की. देवाच्या दयेनं लई हाय," काका म्हणाले.

आणि पास लिहून निरज उठलाच. काका म्हणाले, "आवो साहेब, अजून एक कप घ्या की." पण निरजला चहाचा कंटाळा आला होता. पाऊल टाकलं की शेजारचं दार. तो सरळ आक्कांच्या दुकानात शिरला, मी त्याच्यामागे.

आक्कांचं रॅक भिंतीपर्यंत रिकामं होतं. एका कोपऱ्यात साडीच्या फॉलचे दोन-चार गठ्ठे आणि आक्का मागच्या दाराकडे बघत उभ्या.

"मॅडम, इतक्या लवकर?" त्या मला म्हणाल्या.

"अस्तर कुठे आहे?" निरजने विचारलं.

"येतंय की, साहेब. बसा की तुम्ही."

"येतंय म्हणजे? तुमच्याकडे आत्ता काय आहे?"

आक्कांनी पुन्हा मागच्या दाराकडे पाहिलं. निरजने स्टॉक नाही असं टाइप केलं. नापास.

माझ्या डोक्यात नुसता गोंधळ. मी मागच्या दारातून दुकानांमागच्या बोळकांडीत गेले. तिथे शेखभाई आणि मोहिते काका दोघंही हातात तागे घेऊन उभे होते, चेहरे पडलेले.

"हे अस्तर कुणाचं आहे?" मी विचारलं. आवाज जरा चढलाच.

"आक्काचं," शेखभाई म्हणाले.

"मग तुमच्या रॅकवर काय करत होतं?"

"आता तिथं ठेवलं म्हंजे त्यांचंच की," आक्का मागून म्हणाल्या.

"तिघांचं बी म्हणा, काय बिघडतंय?" मोहिते काका म्हणाले.

"अहो, बिघडलंय! ज्या बाईचं अस्तर आहे तीच नापास झाली आणि तुम्ही दोघं पास! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच!"

मग हळूहळू उलगडलं. त्या बोळात जुनी रीत आहे. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही. दुकानात नसलेली वस्तू मागितली तर मागच्या दाराने शेजाऱ्याला हाक मारायची, वस्तू आणून दाखवायची. गिऱ्हाईक दुकानाचं, माल ज्याचा त्याचा, आणि मागाहून आपापसात मिटवायचं. त्यामुळे कुणालाही विचारा, तुमच्याकडे काय मिळतं? "सगळं मिळतं की!" खोटं बोलत नाहीत ते. त्यांच्यालेखी सगळं मिळतंच. आज त्यांनी निरजलाही गिऱ्हाईकच धरलं होतं. आक्कांचे तागे आधी शेखभाईंकडे, तिथून काकांकडे, आणि चहा संपेपर्यंत फिरून आक्कांकडे पोचायचे होते. चहा लवकर संपला.

"पण आक्का, तुम्ही स्वतःचा माल दिलाच का? तुमचं दुकान जायची वेळ आलीय!"

"अय्यो, त्यांच्या दुकानात माणूस आला. रॅक मोकळं बघून गेला असता. कसं दिसतं ते?"

मी कपाळाला हात लावला. आता करायचं काय? खरं सांगावं तर शेखभाई आणि काका नापास. न सांगावं तर आक्कांच्या दुकानाचं गोडाऊन होणार. धड इकडे जाता येईना, धड तिकडे. मी तिथेच घुटमळत उभी राहिले. 

माझं ठरायच्या आत शेखभाई दोन तागे खांद्यावर टाकून बोळकांडीतून वळसा घालत दुकानांच्या पुढच्या बाजूला गेले. मागोमाग काका. आणि दोघंही पुढच्या दारातून, निरजच्या डोळ्यांदेखत, आक्कांच्या दुकानात शिरले आणि तागे धाडकन त्याच्यापुढे टाकले.

"साहेब, हे सगळं आक्काचं. आमचं काय नै इसमें," शेखभाई म्हणाले.

निरज टॅबवरचे फोटो बघायला लागला. मग ताग्यांकडे. मग परत फोटोंकडे. त्याला डाग सापडला.

"हा तोच आहे? म्हणजे मघाशी तुमच्याकडे... आणि तुमच्याकडेही?"

"व्हय."

"मग तुमचं स्वतःचं काय आहे?"

"माझी बटणं. त्यांचा दोरा," काका म्हणाले. "अस्तर आमी कधी ठेवलंच न्हाय. शेजारी हाय तर कशाला ठेवायचं?"

आक्का एकदम भडकल्या. "काय डोकं फिरलं काय तुमचं? मिळालेलं काम घालवलं की!"

"गप ऱ्हावा, आक्का," काका म्हणाले.

निरज बिचारा माझ्याकडे वळला. पोरगा वाईट नव्हता, गोंधळला होता. "मॅडम, मी लिहू काय यात?"

मी म्हटलं, "ज्याचं जे आहे ते लिही. अस्तर आक्का, दोरा शेखभाई, बटणं मोहिते." त्याने तसं लिहिलं. मला वाटलं, सुटलो.

कसले सुटतोय! पुण्याहून उत्तर आलं. दोरा आणि बटणं सगळ्या युनिटना एकाच मोठ्या सप्लायरकडून येतात, त्यात बदल नाही. अस्तर तेवढं मंजूर. मी फोनवर बरंच भांडले. पलीकडून "पॉलिसी आहे, मॅडम" एवढंच.

ऑर्डरचा कागद घेऊन मी बोळात गेले. आक्कांनी तो हातात घेतला, वर आपलं नाव वाचलं, आणि विचारलं, "ह्या दोघांचं?"

"नाही झालं, आक्का."

त्यांनी कागद नीट घडी करून माझ्या हातात परत दिला. "मग माझं बी ऱ्हाऊ द्या."

माझा तोल सुटला. "अहो, दुकान जाईल तुमचं! दीर किल्ली मागेल! कसला हट्ट हा?"

आक्कांनी मान फिरवली. रडत होत्या, पहिल्यांदाच. तेवढ्यात शेखभाई दारात येऊन उभे राहिले. त्यांनी माझ्या हातातला कागद काढून घेतला आणि आक्कांच्या गल्ल्यावर ठेवला.

"घ्या, आक्का. तुमचं शटर पडलं तर माझ्याकडं अस्तर मागायला आलेल्याला मी काय दाखवू?"

आक्कांनी पदराने तोंड पुसलं आणि कागद घेतला.

दिवाळीनंतर दिराने किल्ली मागितली नाही. आमच्या कंपनीच्या रिपोर्टात भवानी पेठेतल्या एका दुकानाला आधार दिल्याचं छापलंय, आक्कांच्या फोटोसकट. नव्या मर्चंडायझर मुलींना मी एवढंच सांगते, दुकान पास करायचं असेल तर शेजारची दोन्ही दुकानं बघून या. तरीही सगळं कळेलच असं नाही. मला अजून कळलेलं नाही.