पत्र्यावर टाकलेला दात

खेळताना धक्का लागला आणि मुलीचा खालचा, पुढचा दुधाचा दात पडला. तो मुठीत धरून ती न्हाणीघराच्या पत्र्याकडे बघत उभी आहे. दात छपरावर टाकला की नवा लवकर येतो, हे तिला माझ्या आईने सांगितलंय. लहानपणी मीही माझे सगळे तसेच टाकले, एक सोडून.

माझी जीभ सारखी त्या एकाकडे जाते. चाळिशीतही तो दुधाचाच आहे. त्याच्या जागी यायचा दात हिरडीखाली घडलाच नाही, म्हणून हा बिचारा अजून तग धरून आहे. मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी मुलीचा एक्स-रे उजेडासमोर धरला, आज पडलेल्या याच दातावर बोट ठेवलं आणि ते म्हणाले, "आईवर गेलीय. हा दात जपा, याच्याखाली दुसरा नाही."

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. आपलं नाक, आपला रंग मुलांना देतो, हे माहीत होतं. पण आपल्याकडे जे नाहीच, तेही देतो?

तिने दात भिरकावला. पत्रा टणकन वाजला. टाळ्या पिटत ती माझ्याकडे वळली.

"आई, तुझा किती दिवसांनी आला होता गं?"