बसऱ्याच्या शेतात बसवलेली मेंढरं

माझी पहिली कादंबरी छापायला घेतो, असं पुण्याच्या प्रकाशकांचं पत्र आलं, तेव्हा आनंद व्हायच्या आधी मला घाम फुटला. कादंबरीत एक धनगर जर्मनीच्या पहिल्या लढाईत इराकातल्या बसऱ्याला जातो. तो धनगर म्हणजे माझे थोरले चुलते, तात्या. आणि त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

आमच्या गावात, मंद्रुपात, तात्यांना सगळे सुभेदार म्हणत. चावडीवर सरकून त्यांना जागा देत. त्यांच्या लढाईच्या गोष्टींत तोफा होत्या, संगिनी होत्या, एकदा तर वाघही आला होता. पलटणीतून सुटताना मिळालेला इंग्रजी कागद ते पत्र्याच्या नळकांड्यात जपून ठेवत. मी सोलापुरात मडमांच्या शाळेत जाते, म्हणून एका सुट्टीत तो चारचौघांत माझ्या हातात दिला गेला.

हा इसम शिपाई नसून पलटणीच्या खाण्यासाठीची मेंढरं राखायला होता, असं त्यात लिहिलं होतं. खाली एक शिक्षाही नोंदली होती: सरकारी मेंढरं परवानगीशिवाय खासगी शेतात ठेवली. मी मोठ्यांपुढे तोंड न उघडणारी मुलगी. त्या दिवशी मात्र जमिनीकडे बघत म्हणाले, "फार शूर होते, असं लिहिलंय." तात्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि कागद गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी रानात त्यांनी आपणहून खरं सांगितलं. आमच्याकडे धनगर शेतकऱ्याच्या रानात रात्रीपुरती मेंढरं बसवतो. शेताला लेंड्यांचं खत मिळतं, धनगराला ज्वारी. बसऱ्याच्या पुढे नदीकाठी तात्यांना एका अरबाचं नापीक शेत दिसलं आणि त्यांच्याच्यानं राहवलं नाही. भाषा दोघांनाही येईना. तात्यांनी मूठभर लेंड्या त्याच्या मातीत कालवून दाखवल्या. अरब घरात गेला आणि खजूर घेऊन आला. त्यानंतर आठवडाभर साहेबाची मेंढरं त्याच्या शेतात झोपली. खजूर एकट्याला संपेनात म्हणून तात्यांनी छावणीत वाटले, आणि तिथेच ते साहेबाच्या तावडीत सापडले.

हे सगळं मी कादंबरीत लिहिलं होतं. छापलं तर तात्यांची सुभेदारी जाणार. म्हणून ते नको म्हणाले तर पुण्याला नकार कळवायचा, असं ठरवून मी कादंबरीचे कागद घेऊन मंद्रुपला गेले.

दुपारी सोप्यात बसून ते प्रकरण वाचून दाखवलं. माझा आवाज इतका बारीक येत होता, की काकी जात्यावरून उठून जवळ येऊन बसल्या. ऐकता ऐकता त्यांनी पदर तोंडाला लावला.

"म्हंजी वाघ न्हवताच की."

"होता," तात्या म्हणाले. "लई लांब होता."

मग त्यांनी मला विचारलं, हे पुस्तक इथं कोण वाचणार. मी म्हणाले, शाळेचे मास्तर तरी वाचतील. मास्तरांनी वाचलं म्हणजे संध्याकाळपर्यंत चावडीला कळलं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. मी कागद आवरायला घेतले आणि म्हणाले, राहू दे, नाही छापत.

तात्यांनी कागदांवर हात ठेवला.

"त्या शेताचं फुडं काय झालं, ते न्हाय लिवलंस?"

"तुम्ही सांगितलंच नाही."

"मला तरी कुटं ठावं? दुसऱ्याच दिशी आमाला फुडं हाकललं. त्यानं जव पेरला का, उगवला का, कोण सांगणार?" त्यांनी कागद परत माझ्याकडे सरकवले. "चावडीवर हसतील, हसू देत. पर पीक लई आलं आसं लिव. तेवडं लिव नि मग छाप."

मी पेन्सिल काढली आणि विचारलं, केवढा जव लिहू.

त्यांनी कमरेपाशी हात धरला. मग काकींकडे पाहून तो छातीपर्यंत नेला.

मी छातीएवढा लिहिला.