दोन गाड्यांत धरलेली जागा

डिझेलचा उग्र वास आला, की मला सातारा स्टँडवरची ती सकाळ आठवते. कचेरीबाहेर बसून अर्ज लिहिताना भल्याभल्यांना मार्ग दाखवणारा मी, त्या दिवशी स्वतःच्या मुलीसाठी मात्र दोन गाड्यांमध्ये धावपळ करत होतो. तिला मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकांत चित्रे काढायची होती. सांगली आणि पुणे, दोन्हीकडच्या कलाविद्यालयांत प्रवेशाचा तो अखेरचा दिवस होता आणि तिचे काही ठरत नव्हते. सबब मी खिडकीतून सांगलीच्या गाडीत टॉवेल व पुण्याच्या गाडीत तिची पिशवी टाकून जागा धरली आणि दोन्ही फलाटांमध्ये येरझाऱ्या घालू लागलो. "सांगलीत आत्या हाय, पुढं ड्रॉइंगची मास्तरकी मिळंल," मी म्हणालो. "आत्या चित्रं शिकवणार हाय व्हय?" ती म्हणाली. इतक्यात सांगलीच्या कंडक्टरने दारातून हाक मारली, "आवं काका, तुमी येताय का नुसता टॉवेलच येतोय?" सारी गाडी हसली, माझी मुलगी मात्र हसली नाही. "पुण्यात गोष्टीची चित्रं शिकवत्यात, पप्पा. चुकलं तर माझं चुकंल," एवढे बोलून ती पुण्याच्या गाडीत चढली आणि मी टॉवेल तिथेच सोडून तिच्यामागे धावलो. आता तिच्या चित्रांचे एखादे पुस्तक घरी येते, तेव्हा गाडीत जागा मिळाली का हे बघावे, तसा मी आधी आतल्या पानावर तिचे नाव शोधतो. ते सापडेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.